विमानानं आलेल्या चान्या

हौसे, तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक लय खोटं बोलले. एकेक जण माईक धरून उठला. माउली हुती म्हनं. शांत हुती म्हनं. शब्दानं कुणाला दुखावलं न्हाई म्हनं. मी पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत हुतो. मला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाच्या बायकोचं बोलत्यात का काय. तू आणि शांत! ऊस भरून कारखान्याला जाणारी गाडीवान पोरं आपल्या दारावरनं जाताना गाणी बंद करायची, ते काय तुझ्या मायेनं?

मंडळाच्या पोरांनी कागद दिलाय. तुझ्या आठवणींचं बारकं पुस्तक काढणार हाईत. "आबा, आजीवर तुमी बी लिवा." मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. मला माउली-बिऊली लिवता येत न्हाई. आणि मला रडायचं बी न्हाई, मला भांडायचं हाय. तू भांडण अर्ध्यात टाकून गेलीस. शेवटचा शब्द तुझा झाला. मी उत्तर द्यायला तोंड उघडतोय, तर समोर माणूसच न्हाई. असं कुठं असतंय व्हय?

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो. आमचं भांडण कुत्रीच्या खाण्यावरनं हुतं. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं.

आपली मैना व्याली आणि खंगायला लागली. उंच पायांची, आत गेलेल्या पोटाची शिकारी जात ती, मुळात अंगावर मांस कमीच. त्यात पिल्लं रातध्याड लुचायची. तू भाकरी दुधात कुस्करून पुढ्यात ठेवायचीस, ती हुंगायची आणि तोंड फिरवायची. मी म्हनलं, भूक लागली की खाईल. तुला दम कुठला? शेजारच्या तानाजीच्या घरी जाऊन आपल्या मिलिंदला फोन लावायला सांगितलंस. पोरगं अमेरिकेत काम्प्युटरवर कामाला, त्याला तिथनं काय दिसतंय कुत्रीचं? पण त्यानं ऐकलं, आणि सुट्टीला येणाऱ्या दोस्ताच्या बॅगेत पुडकं घातलं.

त्याचा दोस्त अजित म्हणजे सांगलीकडच्या जैन पाटलांचा पोरगा. वाट वाकडी करून आपल्या दारात आला, भला माणूस. बॅगेतनं रुपेरी पुडकं काढलं. वर एका केसाळ कुत्र्याचं चित्र, न्हाव्याकडनं भांग पाडून आल्यागत. 

"मावशी, मिलिंदनं कुत्रीसाठी बिस्किटं दिली आहेत."

तू पुडकं फोडलंस. आत चौकोनी तुकडं, विटंच्या रंगाचं, चुरमुऱ्यागत हलकं. एक उचलून वास घेतलास. परत घेतलास. आणि तुझं तोंड असं उजळलं, की एवढ्या वर्षांच्या संसारात मला बघून कवा तसं उजळलं न्हाई.

"आवं," तू वरडलीस, "ह्या तर चान्या!"

दारात. पाटलाच्या पोराच्या देखत. चाळीसएक वर्षं जो शब्द आपल्या घरात कुणी काढला न्हाई, तो तू एका पुडक्यापायी काढलास.

"चान्या म्हणजे काय, मावशी?" पोरानं विचारलं.

मी म्हनलं, "काय न्हाई. च्या पी."

पण तू कशाची गप बसतीस. पदर खोचून उंबऱ्यावर बसलीस आणि सुरू केलंस. गावात ढोर मेलं की ते वढायचं काम आपल्या माणसांच्या गळ्यात असायचं. त्याच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की भिजवून त्याचं कालवण. हात हालवून हालवून सांगत हुतीस, जशी काय लग्नाच्या पंगतीचं सांगतीस. पोरगं ऐकता ऐकता तुझ्या मांडीवरच्या पुडक्याकडं बघायला लागलं.

"मावशी, म्हणजे ह्यात मांस आहे?"

"न्हाई रं बाळा. बिस्किटंच हाईत ती. मी आपलं वासाचं म्हनलं."

किती सफाईनं खोटं बोललीस! मिलिंदनं फोनवर मला सगळं सांगितलं हुतं. मी म्हनलं, "मांसच हाय. गुराचं. आणि कच्चं."

अजित उठला, नळावर गेला, हात धुतले. लय वेळ धुतले. मग परत येऊन च्या प्याला आणि म्हनला, "परत गेल्यावर मिलिंदला बघतोच. आमच्या आजीनं ज्या बॅगेत लाडू भरून दिले होते, त्याच बॅगेतून मांस आणायला लावलं मला!" आणि तू आणि तो दोघं हसत सुटला. तुझ्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं हसून. मी हसलो न्हाई. 

तो गेल्यावर तूच माझ्यावर उलटलीस. "का सांगितलासा त्येला? पोराच्या मनात किडा सोडला उगंच."

"आणि तू आपल्या चुलीतलं पाटलाच्या पोराला सांगतीस ते?"

"त्येनं इचारलं. इचारलं म्हनून सांगितलं. त्येच्या आज्ज्यानं कवा इचारलं हुतं?"

तुझं म्हणणं खरं. पण राग हुता.

मग पुडक्याची तपासणी. तुला कुणी दिलेल्या वस्तूवर भरवसा ठेवायचं माहीतच न्हवतं, पोटच्या पोराच्या बी न्हाई. पितळी वाटीत कोमट पाणी घेऊन दोन तुकडे भिजवलेस. बघता बघता फुगले, पाणी लालसर झालं, आणि तो वास घरभर सुटला. मी म्हनलं, वाटी भाईर ने. ह्या घरात बुद्धाची तसबीर हाय, बाबासाहेबांची हाय. माझ्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवशी हा वास घरातनं गेला, तो परत आणू नगंस.

तू म्हनलीस, "तुमी घेतली दीक्षा. मी घेतली. कुत्रीनं कुठं घेतलीया?"

आणि माझ्यादेखत एका तुकड्याचा कण मोडून जिभंवर ठेवलास.

"अगं कुत्र्याचं अन्न ते!"

"कुत्र्यासाठनं हाय. आत कुत्रं न्हाई घातलेलं." आणि तोंड हालवत, डोळं बारीक करून, "काळीज लय घातलंय मेल्यांनी."

इस्लामपूरच्या गुरांच्या डॉक्टरकडं गेलो ती वडापची जीप आठवती का? मैना तुझ्या पायात, पुडकं तुझ्या मांडीवर, आणि मी तोंड फिरवून खिडकीशी. डॉक्टर शिकलेला, शांत माणूस. त्यानं पुडक्यावरचं विंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. मांस, काळीज, हृदय, हाडांचा चुरा, भोपळा, गाजर, जवस, असलंच काय काय. बर्फात गोठवून, मग हवा काढून घेऊन त्यातलं पाणी उडवत्यात म्हनं. शिजवत न्हाईत.

"म्हंजी ऊन नसतंय व्हय तिकडं?" तू विचारलंस.

"ऊन असतं, मावशी. पण उन्हात वास लागतो, माश्या बसतात. असं केलं की मांसाचा कस तसाच राहतो."

"आनि भोपळा कशाला? कुत्रीचा काय उपास हाय?"

"पोट साफ राहायला."

"वजन भरायला घातलाय. मला नगा सांगू."

डॉक्टर हसला. म्हनला, ज्याचं वजन जास्त ते आधी लिहायचं, असा त्यांच्याकडं नियम असतो. इथं सगळ्यात वर मांस आहे, भोपळा खाली आहे. भोपळा वर असता किंवा नुसता मका आणि पीठ असतं, तर तुमचं खरं धरलं असतं. पाजणाऱ्या कुत्रीला मांसाचा कस लागतो, चरबी लागते, आणि दुधासाठी हाडातला चुना लागतो, ते सगळं ह्यात आहे. पण काळीज आहे, म्हणून वरनं आणखी काळीज घालू नका, पोट बिघडंल. कोरडं देऊ नका, आत जाऊन फुगतं. पाणी काढलंय म्हणून मूठभर दिसतं, भिजवलं की ताटभर मांस होतं. पहिल्यांदा भाकरीतच थोडं थोडं मिसळा. आणि कच्चं आहे. वाळवलं म्हणून जंतू मरत नाहीत, नुसते निजतात. हात धुवा, वाटी वेगळी ठेवा, आणि कुणी चव-बिव घेऊ नका.

तू भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडं बघत हुतीस.

भोपळ्याचं काय तुला पटलं न्हाई. येताना वडापमध्ये शेजारच्या बाईला बी सांगितलंस, निम्मा भोपळाच हाय. चुकलीस तरी चुकलीस म्हणायची तुझी जातच न्हवती. 

पण त्याच्या आधी डॉक्टरकडं जे झालं, ते मी विसरलो न्हाई. मला राग आला हुता, तो मी डॉक्टरवर काढला. म्हनलं, "एवढी वर्षं आमची कुत्री भाकरीवर जगली न्हाईत व्हय?"

"जगली, आबा. पण पाजणारीला नुसती भाकरी पुरत नाही."

"आमच्या बायका काय खाऊन पाजत हुत्या, ते कुणी इचारलं न्हाई कवा."

डॉक्टरनं पुडकं टेबलावर ठेवलं. मला वाटलं, बरा दणका दिला. आणि मागनं तुझा आवाज आला, अगदी सरळ, जशी काय दुकानात हळदीचा भाव सांगतीस:

"चान्या खाऊन."

मी पुडकं तिथंच टाकून भाईर आलो. तू पुडकं बी घेतलंस आणि मैनाला बी घेतलंस, आणि जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसलीस. जसं काय झालंच न्हाई.

घरी आल्यावर मडक्याची गोष्ट निघाली.

दीक्षेच्या सालातली गोष्ट. माझ्या बापानं दीक्षा घेऊन आल्या आल्या सांगितलं, ह्यापुढं मेलेलं ढोर वढायचं न्हाई आणि त्याचं खायचं न्हाई. घरात चान्यांचं मडकं भरलेलं हुतं. नदीत टाका म्हनला. टाकलं. ही गोष्ट मी मिलिंदला सांगितली, थोरल्या लेकीच्या पोरांना सांगितली, मंडळात भाषण केलं तवा सांगितली. मान ताठ करून सांगितली, कारण ती मान ताठ करायचीच गोष्ट हाय. नाव घेत न्हवतो एवढंच. "ते अन्न" म्हणायचो.

तू म्हनलीस, "टाकलं म्हनं! कुनी टाकलं? मडकं माझ्या डोक्यावर हुतं. तुमी कराडकडं खडी फोडत हुता. थोरली अंगावर पीत हुती. मामंजी म्हनलं टाक, मी टाकलं. आनि घरात आले तर दुसरं काय हुतं? पुढच्या पावसाळ्यात मला दूध पुरलं न्हाई. पोरगी रडून रडून निळी व्हायची."

"मग काय, बाप चुकला माझा?"

"कुठं म्हनते मी चुकलं? मामंजी देवमानूस. टाकलं ते बरूबरच केलं. मी पुन्यांदा बी टाकीन."

"मग तुला म्हनायचं हाय तरी काय?"

तू मैनापुढं वाटी सारलीस. तिनं तोंड घातलं, चपचप आवाज यायला लागला. आणि तू म्हनलीस, "चव हुती. एवढं एकदा म्हना. मी करत हुते, त्येला चव हुती."

"न्हवती."

"हुती. तुमाला चव आठवती, म्हनून तर राग येतो."

हा तुझा शेवटचा शब्द. त्या दिवशी दुपारी म्हनलीस, आणि तिसऱ्या पारी तुझ्या छातीत कळ आली. जीप मिळंस्तवर सगळं आटपलं. मिलिंदला विमान मिळालं न्हाई, तो मातीला पोचला न्हाई, त्याचा बी मला राग हाय. पण तुझा जास्त हाय. बायकूनं नवऱ्याला असं बोलावं, आणि त्याला उलटं बोलायची सवड बी देऊ नये?

त्या दिवसापासनं मी तुला उत्तरं देतोय. आंघोळीला गेलो की एक सुचतं, मैनाला फिरवायला नेलं की दुसरं. राग चवीचा न्हवता, हौसे. राग ह्याचा हुता, की आपली माणसं जे खात हुती म्हणून गाव आपल्याला शिवत न्हवतं, तेच आता बर्फात वाळवून, रुपेरी कागदात घालून, कुत्र्याच्या नावानं विमानानं येतंय. वर तपासून बघतंय कोण, तर आपणच. डॉक्टरनं त्याचा कस सांगितला, चुना सांगितला, पाजणारीला लय चांगलं म्हनला. तू पाजत हुतीस तवा हे सांगायला कुठला डॉक्टर आला हुता? तुला ह्यात हसायला काय सापडलं, ते मला अजून कळलं न्हाई. तू आणि ते पाटलाचं पोरगं खिदळत हुता, आणि मला वाटत हुतं त्या पुडक्याला काडी लावावी.

काडी लावली न्हाई. तू गेल्यावर मैनानं वाटीकडं बघून कुईकुई केलं, तवा मीच उठलो. कोमट पाणी. भाकरीत मिसळून. हात साबणानं धुतो, डॉक्टर म्हनला म्हणून. आता तिच्या बरगड्या झाकल्यात. पिल्लं तर अशी गुबगुबीत झाल्यात, की उंबरा चढताना पोटावर आडकत्यात. तुझं पुडकं चांगलं निघालं, बाई. हे मी लिवून देतो. पुस्तकात छापून येईल, मग तरी गप बसशील.

पुडकं संपलं, आणि त्याच सुमाराला मिलिंदचा फोन आला. तानाजीनं हाक मारली, "आबा, अमेरिका!" मी गेलो. त्यांचं सगळं घर टीव्ही बघत हुतं. माझ्यासाठी आवाज बारीक केला, आणि मग टीव्ही सोडून माझ्याकडं बघत बसलं.

"आबा, मैना कशी हाय?"

आईचं न्हाई विचारलं, कुत्रीचं विचारलं. आईचं विचारायची त्याची छाती होत न्हाई, एवढं मला कळतं.

"बरी हाय."

"ते खाणं मानवलं का? अजून पाठवू?"

"मानवलं. पाठवू नगंस."

"का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तोच म्हनला, "आबा, अजित मला काहीतरी सांगत होता. आई त्या पुडक्याला काय म्हनली ते. त्याला नाव नीट सांगता येईना. च्या... काय ते?"

बघ तुझी करणी! माझ्या पोराला आपल्या घरातला शब्द अमेरिकेत पाटलाच्या पोराकडनं कळाला, आणि तो बी मोडका.

तानाजीची बायकू बघत हुती. पोरं बघत हुती. लांबचा फोन, हळू बोललेलं ऐकू जात न्हाई.

"चान्या," मी म्हनलं. "चान्या! ऐकू आलं का?"

"म्हणजे काय?"

मग मी त्यांच्या फरशीवर खाली बसलो आणि सांगितलं. ढोर वढायचं, दोरीवरचं, मडक्याचं. थोरलीच्या दुधाचं सांगितलं. मडकं माझ्या बापानं टाकलं न्हाई, तुझ्या आईनं डोक्यावर नेऊन टाकलं, हे बी सांगितलं. ते मी आधी नीट सांगितलं न्हवतं.  

"आबा, चवीला कशा असायच्या?"

तुला जे दिलं न्हाई, ते त्याला दिलं. म्हनलं, "लय चांगल्या. तुझी आई कालवण करायला बसली की मी वढ्यापलीकडनं वासावर घरी यायचो. शेवटची वाटी पुसून खायचो भाकरीनं." तानाजीच्या बायकूनं टीव्ही बंदच करून टाकला.

"कशा करायची ती?"

"म्हंजी?"

"म्हणजे पट्ट्या कशा कापायची? मीठ आधी लावायची का वाळल्यावर? किती लावायची?"

मी तोंड उघडलं, आणि मला काय माहीतच न्हाई. मी नुसतं खाल्लेलं. कापताना तू आणि माझी आई पाठमोऱ्या बसायच्या, मी कवा पुढं येऊन बघितलं न्हाई. तानाजीच्या बायकूकडं बघितलं, तिनं मान हालवली. ती कालची पोर, तिला कुठनं माहीत.

पोरगं वाट बघत हुतं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "थांब, आईला इचारून सांगतो."

 मग मी फोन खाली ठेवला.

जलमभर एवढी वटवट केलीस, हौसे. हे तेवढं सांगून गेली न्हाईस.